शमीम मॅडमची बोहनी

शमीम मॅडम ज्या घरी पहिल्यांदा पाहुण्या म्हणून जातात, त्या घरून त्यांना दुसरं आमंत्रण सहसा येत नाही. बसा म्हटलं तर त्या बसत नाहीत, चहा घेणार का विचारलं तर त्यांना ऐकू येत नाही. त्या थेट स्वयंपाकघरात शिरतात, नळाखाली हात धुतात, बाही वर करतात आणि पाण्याच्या माठात कोपरापर्यंत हात घालतात. मग आतल्या बाजूने एक बोट फिरवायचं, ते बाहेर काढून अंगठ्यावर घासायचं आणि डोळे मिटायचे. आमच्याकडचा जिनिंगवाला कापसाची चिमूट बोटांत धरून धागा किती लांब निघेल ते सांगतो ना, अगदी तसा चेहरा. घरातली बाई पदराला हात पुसत कानकोंडी होऊन उभी असते आणि घरातला बाप्या पेपरच्या मागे गेलेला असतो. मग निकाल लागतो.

"बुळबुळ हाये."

माझ्या साखरपुड्याला त्यांनी हेच केलं. माझ्या गुरू म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आम्ही ठरवलं होतं. शोधाशोध केली तर बाई माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, माठात हात घालून उभ्या. "घासा हा माठ आतून," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पोरगं डॉक्टर हाये. इथलं पाणी पिऊन त्यालेच जुलाब लागले तं इज्जत कोणाची जाईन?" त्या दिवशी सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पुढे माझ्या बायकोच्या बाळंतपणापर्यंत टिकली. मात्र आज त्या घरातला माठ इतका स्वच्छ असतो की आतून हात फिरवला तर नव्या कौलासारखा खरखरीत लागतो. मी जावई या नात्याने अधूनमधून तपासतो.

मॅडम यवतमाळला मेडिकलच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. निवृत्त झाल्या आणि दिग्रसला वडिलांच्या घरी परत आल्या. खाली प्रयोगशाळा, वर त्या एकट्या, असा त्यांचा संसार आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची हिंमत आमच्या अख्ख्या बॅचमध्ये कुणाला झाली नाही. उंची बेताची, आवाज मात्र अजिबात बेताचा नाही. कुठे टेकायचं नाही, माठ सोडला तर कशाला स्पर्श करायचा नाही, दाराची कडी कोपराने उघडायची आणि कुणी हात पुढे केला तर लांबून सलाम करायचा, ही त्यांची रीत. वर्गात एखाद्या पोराने खांद्याला हात लावून मॅडमना हाक मारली तर त्या पोराचं उरलेलं वर्ष वाया गेलं असं समजावं.

त्यांचे अब्बा जिनिंगच्या मशिनींचे मिस्त्री होते. मॅडम सांगतात, "अब्बा म्हणे, पोरी, पाईप चोंदला तं पाण्याचा जोर वाढवू नको. पाईप खोल." पुढे त्यांनी जाडजाड पुस्तकं वाचली, परदेशी मासिकांत लेख लिहिले, पण त्यांचं सगळं शास्त्र या एका वाक्यावर उभं आहे असं मला वाटतं. आम्हाला त्यांनी ते पहिल्याच तासाला शिकवलं, तेही भर वर्गात वऱ्हाडीत, कारण इंग्रजीत सांगितलेलं परीक्षेपुरतं राहतं असं त्यांचं मत होतं.

"एकटा फिरणारा जंतू बिचारा असते," त्या म्हणाल्या. "दोन गोळ्यात मरते. पण त्याले टेकाले जागा भेटली का तो घर बांधते. आपल्यासारखे दहा बोलावते. मंग सगळे मिळून अंगावर बुळबुळीत गोधडी घेते. आता तुम्ही वरून कितीबी औषध ओता. औषध गोधडीवरून वाहून जाते अन् हे आत झोपून राह्यते. तुमचा कोर्स संपला का हे उठते, बाहेर येते, अन् पेशंटले पुन्हा थंडी वाजते. तुम्ही म्हणता औषध फेल गेलं. औषध कायले फेल जाईन? तुम्ही घर पाडलं नाही."

हे घर बांधायला जंतूंना सगळ्यात आवडती जागा कोणती, तर माणसाच्या अंगात आपण घातलेली नळी. लघवीची असो, सलाईनची असो. "मांसात रक्त फिरते," मॅडम बोट उगारून सांगायच्या, "रक्तात फौज असते, ती लढते. रबरात काय असते? काहीच नाही. त्याइले तं फुकटचा बंगला भेटला!"

या नळीपायी मॅडमचं फोनवरचं 'हॅलो' बंद झालं. आसपासच्या तालुक्यांतले आम्ही सगळे डॉक्टर नमुने तपासायला त्यांच्याकडेच पाठवतो आणि रिपोर्ट विचारायला फोन करतो. फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य येतं, "नळी काढली का?" काढली असेल तर पुढे बोलायचं. नसेल तर फोन बंद. एकदा त्यांच्या पुसदच्या चुलतभावाने मुलीच्या लग्नाचं सांगायला फोन केला, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो गृहस्थ गोंधळून म्हणाला, "नाही, बोअरवेलला पाणी आहे अजून." मॅडमनी सवयीने फोन ठेवून दिला. लग्नाला गेल्या, पण उशिरा.

लघवीच्या पिशवीतून काढलेला नमुना तर त्या हातातही घेत नाहीत. "पिशवीत साचलेलं पाणी हाये ते. त्याच्यात सगळ्या गावचे जंतू भेटतीन. जुनी नळी काढ, नवी टाक, नव्या नळीतून पहिलं येईन ते मले दे. मंग मी सांगते खरा चोर कोण." आणि नुसती लघवी गढूळ आहे, ताप नाही, काही नाही, तरी औषध सुरू केलं असं कुणी सांगितलं की त्या विचारतात, "गढूळ तं आपली नदीबी असते. तिले कोणती गोळी देतो?"

एकदा औषध कंपनीचा एक टापटीप माणूस नवं महागडं इंजेक्शन घेऊन त्यांच्याकडे आला. मीही तिथेच होतो. हे औषध कुठल्याही जंतूला सोडत नाही, असं तो टाय सावरत सांगू लागला. मॅडमनी आतून एक दुधाची जुनी बाटली आणली. कुणाच्या तरी घरून त्यांनी ती तपासायला म्हणून जप्त केली होती. ती त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "याच्यात तुमचं औषध ओता. ब्रश न लावता, न घासता साफ करून दाखवा. झाली का मी सगळ्या डॉक्टराइले सांगते, हेच लिहा." तो माणूस बाटलीकडे पाहत राहिला, मग घड्याळाकडे, मग दाराकडे. त्याच्या कंपनीने पुढे दिग्रससाठी दुसरा माणूस नेमला.

हे सगळं मी हसत सांगतो, पण एका गोष्टीवरून माझं आणि मॅडमचं नेहमी वाजतं. ती म्हणजे हातगुण. दारव्ह्याला माझं छोटं हॉस्पिटल आहे आणि माझ्या हाताला गुण आहे अशी पंचक्रोशीत ख्याती आहे. ती मी पसरवलेली नाही, पण खोडूनही काढलेली नाही. पेशंट बरा होऊन निघाला की त्याची म्हातारी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. एकदा मॅडमसमोरच हे घडलं. म्हातारी गेल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हाताले गुण नसते, अविनाश. जंतू असते. जा, धू."

मी धुतले.

आणि मग माझ्या आत्याचं प्रकरण आलं.

आत्या बोरी अरब गावची. माझी आई लवकर गेली, म्हणून मी आत्याच्याच घरी वाढलो. ती माझी नुसती आत्या नाही, आईच आहे. आतोबा गेल्यावर तिने बोरीच्या बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान मांडलं आणि असं चालवलं की बाजूचे दुकानदार भाव सांगण्याआधी तिच्याकडे पाहून घ्यायचे. गेल्या वर्षी घराच्या धाब्याच्या छपरावर मिरच्या वाळत घालताना शिडीवरून पडली आणि मणक्याला मार बसला. नागपूरला मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत राहिले आणि जीभ तर त्याहून शाबूत. लघवीला मात्र कायमची नळी आली.

ही नळी साधारण महिन्याला बदलायची असते. नागपूरहून निघताना तसं बजावून सांगितलं होतं. पण आत्याने घरी पोचताच जाहीर केलं की नळी बदलायची नाही. कारण ही नळी मोठ्या डॉक्टरांनी आपल्या हाताने घातली आहे आणि त्यांच्या हातगुणानेच आपण वाचलो. आता ऑपरेशन करणारा मोठा डॉक्टर लघवीची नळी घालत बसत नाही, ते काम एखाद्या शिकाऊ डॉक्टरने केलं असणार, हे मी तिला सांगून पाहिलं. तिने मला चुलीपुढच्या मांजराला हाकलतात तसं हाकललं. दुसरं कारण तिने मला फार नंतर, हळू आवाजात सांगितलं. "माया बाजूच्या खाटीवर एक बाई होती, अवी. चांगली बोलत होती माह्याशी. सकाळी तिची नळी काढली अन् संध्याकाळी तिच्यावर चादर ओढली. मी डोयानं पाह्यलं." ती बाई कशाने गेली कोण जाणे. पण आत्याच्या मनात त्या दोन गोष्टींची गाठ बसली ती बसलीच.

मग त्या नळीचं कोडकौतुक सुरू झालं. दृष्ट लागू नये म्हणून तिला काळा दोरा बांधला. पिशवी अडकवायच्या हुकाला लिंबू-मिरची टांगली, मिरची अर्थातच घरची. सून वैशाली रोज ओल्या फडक्याने नळी बाहेरून पुसून लख्ख ठेवायची आणि मी गेलो की आत्या अभिमानाने दाखवायची, "पाह्य, कशी नव्यावानी हाये!" आतून ती कशी झाली असेल हे मला ठाऊक होतं. पण आत्यापुढे माझं शास्त्र नेहमीच शाळकरी पोराचं होऊन जातं.

व्हायचं तेच झालं. थंडी वाजून ताप आला. गोळ्या दिल्या, उतरला. गोळ्या संपल्या, पुन्हा चढला. इंजेक्शनं दिली, उतरला, आणि पुन्हा चढला तो आधीपेक्षा जोरात. शेवटी मी तिला उचलून दारव्ह्याला माझ्या हॉस्पिटलात आणलं. तरीही नळीला हात लावू देईना. आमच्या मंगला सिस्टरने नुसती चादर सारली तर आत्याने तिचं मनगट असं पकडलं की सिस्टर संध्याकाळपर्यंत त्या हाताने सुई धरू शकली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याचे दात वाजायला लागले, रक्तदाब खाली सरकला, बोलता बोलता ती मधेच गप्प होऊ लागली. विष रक्तात उतरत होतं. नळी निघाली नाही तर माझी आत्या जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. यवतमाळला न्यायला मी गाडी सांगून ठेवली, पण तिथेही तिने नळीला हात लावू दिला नाही तर काय उपयोग? मी मॅडमना फोन लावला.

"नळी काढली का?"

"नाही."

फोन बंद. मी पुन्हा लावला. "मॅडम, ठेवू नका. माझी आत्या आहे. मला तिनेच वाढवलं. ती काढू देत नाही. ती मरेल, मॅडम."

पलीकडे कसलंसं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "येते."

दिग्रसहून मिळेल त्या गाडीने मॅडम आल्या, खांद्याला नमुन्यांची बर्फाची पेटी लटकवून. दार कोपराने उघडलं आणि खाटेपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. मी ठरवून ठेवलेलं खोटं सुरू केलं. "आत्या, या माझ्या गुरू. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनाही यांनीच शिकवलं. यांच्या हाताला इतका गुण आहे की..."

"खोटं," मॅडम म्हणाल्या. "मी त्या डॉक्टरले ओळखतबी नाही."

मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. आत्याने मात्र डोळे उघडले. दिवसभरात पहिल्यांदा तिला कशात तरी रस वाटला होता.

"मंग तू कोण व्हय?"

"मी जंतू तपासते, आक्का."

"तुया हातानं किती जणं बरे झाले?"

मॅडमनी खांद्यावरची पेटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मले मालूम नाही. माया टेबलावर माणूस येत नाही, बाटली येते. बाटलीवर नाव असते. आत काय हाये ते मी पाह्यते अन् लिहून पाठवते. तो माणूस वाचला का गेला, मले कोणी येऊन सांगत नाही."

"कोणीच नाई?"

"रिपोर्ट आला म्हणून कोणी पाया पडते का, आक्का? ते डॉक्टरच्या पडते." हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, तरी मी माझे हात मागे घेतले.

"बरं, मेले किती तुया हातानं?"

"एकबी नाही. शिकत होती तवा पेशंटले हात लावला असन. त्याच्यानंतर नाही लावला."

आत्या विचार करू लागली. तापाने चेहरा लाल झाला होता, श्वास भराभर चालला होता, पण बाजारात समोरचं गिऱ्हाईक जोखताना ती जशी एक भुवई वर करायची तशी तिने केली. मग म्हणाली, "म्हंजे तुया हाताची अजून बोहनीच नाई झाली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आत्याच बोलत राहिली, धापा टाकत, तुटक तुटक. "सकायपासून दुकान मांडून बसलं, दुपार झाली, अन् एक गिऱ्हाईक नाई आलं, तं दुकानदाराचं तोंड कसं होते ते मले मालूम हाये बाई. तसं तुयं तोंड हाये. अशा दुकानावरून मी कधी तशीच पुढं गेली नाई. काही नाई तं चिमूटभर जिरं तरी घेतलं. अन् बोहनीच्या गिऱ्हाइकाले कोणी खोटा माल देत नाई. देईन तं त्याचा अख्खा दिवस बसते. कर बोहनी. माल चोख देजो."

मी सुटकेचा श्वास टाकला आणि मंगला सिस्टरला खूण केली. मॅडमही घाईघाईने म्हणाल्या, "हो हो, सिस्टर करन. तिचा हात बसलेला हाये."

"तिचा नाई," आत्या म्हणाली. "तिचा हात रोजचा हाये. तुयाच."

शमीम मॅडमचा चेहरा पांढरा पडलेला मी त्या दिवशी पाहिला. त्या बेसिनकडे गेल्या आणि हात धुऊ लागल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपर. संपले की पुन्हा. अखेर मी जवळ जाऊन म्हणालो, "मॅडम, झाले स्वच्छ." त्या पाण्याकडे पाहत पुटपुटल्या, "अविनाश, मले हे आता येत नाही रे." मी म्हणालो, "आत्याला सांगू नका. ती भाव पाडेल." त्या एवढंसं हसल्या, मग हातमोजे चढवून पडद्याआड गेल्या.

मी पडद्याबाहेर उभा. पेशंट आपलं माणूस असलं की डॉक्टरकीचा काही उपयोग नसतो, हे मी तिथे शिकलो. आतून मंगला सिस्टरचा हळू आवाज येत होता, ती एकेक गोष्ट मॅडमच्या हातात देत होती. नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाला पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो. तो आधी रिकामा करावा लागतो. फुग्यातलं पाणी येईना. इतके महिने राहून त्या भागावर खडूसारखा थर चढला होता. मॅडम ओढत नव्हत्या, हे मला आवाजावरून कळत होतं. थांबत होत्या, पिचकारी काढून पुन्हा लावत होत्या, आणि तोंडाने नळीशी बोलत होत्या, "चल मिया, निघ. बहुत राह्यला तू इथं. निघ आता."

"माह्याशी बोलतं का नळीशी?" आत्याने विचारलं.

"नळीशी."

"तिले म्हण, भाडं थकलं तिचं."

तेवढ्यात मंगला सिस्टर म्हणाली, "आलं!" पाणी निघालं, फुगा बसला आणि नळी हळूहळू बाहेर आली. मग नवी नळी आत गेली. मॅडमनी नव्या नळीतला नमुना घेतला. त्यानंतर त्यांनी जी गोष्ट केली ती फक्त त्याच करू शकतात. काळ्या दोऱ्यासकट ती जुनी नळी ताटलीत ठेवली, कात्रीने उभी चिरली आणि आत्याच्या डोळ्यांपुढे धरली. बाहेरून चकचकीत नळी आतून बुळबुळीत, पिवळट, खडे धरलेली होती. आत्या कितीतरी वेळ पाहत राहिली.

"अवो माय," ती म्हणाली, "आन् वैशाली बिचारी रोज वरून पुसून राह्यली!"

मॅडम पेटी मांडीवर घेऊन दिग्रसला परत गेल्या. तोवर रक्तदाब सांभाळत मी अंदाजाने औषध सुरू केलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी ते बदलायला लावलं. त्यांनी सांगितलेलं औषध जुनं, साधं, मी कधीच वापरायचं सोडून दिलेलं होतं. घर पडलं होतं, आता उघड्यावरच्या चोराला तेवढी काठी पुरेशी होती. ताप उतरला आणि यावेळी परत आला नाही. आत्या उठून बसली, मिरचीचा ठेचा मागू लागली, मंगला सिस्टरला मनगटाला लावायला हळदीचा लेप कसा करायचा ते सांगू लागली. आणि वॉर्डातल्या प्रत्येक बाईला तिने सांगितलं की आपण कुणाच्या बोहनीचं गिऱ्हाईक होतो. पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे येणारे पेशंट 'त्या मॅडम नाहीत का आज' असं विचारत. माझ्या हातगुणाचा भाव तेवढ्यापुरता पडला, हे मान्य करायला हवं.

ही बातमी मी मॅडमना फोनवर सांगितली. म्हणालो, आत्या बरी झाली, घरी गेली, जेवते. पलीकडून आवाज आला, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "पुढची नळी मीच बदलते," त्या म्हणाल्या. "मंगलाकडून शिकून घेते चांगलं. हात बसला पाह्यजे."

त्याला काही महिने झाले. मागच्या रविवारी मी सहज बोरीला गेलो. दारातच वैशाली भेटली. मी विचारलं, नळी कधी बदलली? म्हणाली, "बदलून पंधरा दिवस झाले, भाऊजी. मॅडमच आल्या होत्या. आजबी आल्या हायेत."

"आज कशाला? महिन्याला एकदा तर बदलायची असते."

"त्या तं दर रविवारी येतात," वैशाली म्हणाली. "तपासते म्हणतात."

मी आत गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो. आत्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. खाली जमिनीवर, खाटेला पाठ लावून, शमीम मॅडम बसल्या होत्या. ओढणी बाजूला पडलेली, केस मोकळे, आणि आत्या कोमट तेलाची वाटी मांडीशी ठेवून त्यांच्या डोक्याला तेल चोळत होती. लहानपणी मला चोळायची तशी, दोन्ही हातांनी, जोर लावून, मान डगडग हलेपर्यंत. मॅडमचे डोळे मिटलेले होते. कुणाला शिकवण्याचा, रागवण्याचा, निकाल देण्याचा काही भाव त्या चेहऱ्यावर नव्हता.

"केसाइचा पार झाडू झाला व तुया," आत्या म्हणत होती. "घरी तेल लावाले कोणी नाई का?"

"नाई आक्का," मॅडम रिपोर्ट सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या. "अम्मी होती तवर लावे."

आत्याने वाटीत बोटं बुडवली आणि पुन्हा चोळायला लागली. मी आवाज न करता मागे फिरलो आणि वैशालीने चहा दिला तो ओट्यावर बसून प्यालो.

दुपारी मॅडमना गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो. केसांची घट्ट वेणी घातलेली, कपाळावर तेल चमकतंय. गाडीची वाट पाहता पाहता त्या आपणहून बोलल्या.

"अविनाश, जिंदगीभर मी सगळ्याइले एकच सांगत आली. हात लावू नका, हात लावू नका." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "लोकाइनं ऐकलं रे. खरंच कोणी लावला नाही."

मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन दिग्रसला येतो. या वयात एसटीचे धक्के कशाला खाता? दारातून दारात आणतो."

"नको," त्या लगेच म्हणाल्या. "आक्का वैशालीले आधीच स्टँडवर पाठवते. मी उतरली का ती उभी असते, माया रस्ता पाहात. ते राहू दे."